जुन्या मोटारगाडीचा दर्प आणि त्यावरील उतारा

डोंबिवलीकराचें नाक अनुभवी असतें. औद्योगिक वसाहतीवरून वारा वळला कीं आजचा वास कोणत्या रसायनाचा, याविषयीं जाणकारीनें मत देणारीं माणसें येथें घरोघर सांपडतात. २०१४ च्या जानेवारींत या गांवीं हिरवा पाऊस पडला आणि २०२० च्या आरंभीं वसाहतींतील एक रस्ता गुलाबी झालेला साऱ्या महाराष्ट्रानें पाहिला. अशा ठिकाणीं एखाद्या जुन्या स्कूटरच्या धुराची तक्रार कोणीं केली तर ती क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण कारखान्याचा धूर निदान धुराड्यांतून उंच जातो. स्कूटरचा अथवा मोटारीचा धूर जमिनीपासून हातभर उंचीवर बाहेर पडतो. आणि खालीं खांबांमधील वाहनतळ व वर बिऱ्हाडें अशी रचना असलेल्या इमारतींत तो पहिल्या मजल्याच्या खिडकींतून थेट पाळण्यापर्यंत पोंचतो.

हीं जुनीं वाहनें बहुधा ज्यांनीं काटकसर करून घेतलीं त्यांच्याच घरीं अद्याप उभीं आहेत. नंबर लावून, वर्षानुवर्षें वाट पाहून मिळालेली बजाज चेतक. पहिल्या घडणीची मारुति ८००. क्वचित् एखादी प्रीमियर पद्मिनी. त्यांच्या मालकांस ‘गाडी मोडींत काढा’ असें सांगणें कोणाच्याहि जिवावर येतें. म्हणून सोसायटीच्या सभेंत तक्रार निघाली कीं एक तोडगा हटकून पुढें येतो: नव्या गाड्यांना असतो तो कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या जुन्या गाडीलाहि बसवून टाकावा, म्हणजे वासहि जाईल आणि गाडीहि राहील. हा तोडगा खोटा नाहीं. परंतु सभेंत तो जितका सोपा समजला जातो तितका सोपा मात्र तो खचित नाहीं. आणि कोणत्या गाडीस तो लाभेल व कोणत्या गाडीस तो निरुपयोगी किंवा धोक्याचा ठरेल, हें पैसे खर्च करण्यापूर्वींच समजून घेतलेलें बरें.

प्रथम हा वास येतो कोठून तें पाहिलें पाहिजे. पेट्रोल पूर्णपणें जळावयास त्याच्या वजनाच्या सुमारें १४.७ पट हवा लागते. एवढी हवा नेमकी मिळून ज्वलन पूर्ण झालें तर नळींतून मुख्यतः नत्रवायु, पाण्याची वाफ आणि कर्बद्विप्राणिद वायु बाहेर पडेल, आणि यांपैकीं कशालाहि वास नाहीं. जुन्या गाडींत हें मिश्रण कार्ब्युरेटर करतो. त्याचें तत्त्व अत्तराच्या फवाऱ्याचेंच आहे: अरुंद गळ्यांतून हवा वेगानें जाते, तेथील दाब उतरतो, आणि शेजारच्या वाटींतील पेट्रोल बारीक छिद्रांतून ओढलें जाऊन हवेंत मिसळतें. युक्ति मोठी नामी आहे. पण तिला डोळे नाहींत. हवा थंड आहे कीं गरम, छिद्र झिजून मोठें झालें आहे काय, हवेची गाळणी धुळीनें तुंबली आहे काय, हें कार्ब्युरेटरला कळत नाहीं. म्हणून मेकॅनिक थोडें पेट्रोल अधिकच सोडून ठेवतो. पेट्रोल जास्त झालें तर गाडी धूर सोडते. कमी झालें तर ती चौकांत बंद पडते. आणि या दुसऱ्या प्रकारची तक्रार घेऊन मालक लवकर परत येतो, हें त्याला ठाऊक असतें.

हवा अपुरी पडली कीं पेट्रोलचा कांहीं भाग न जळतां, कांहीं अर्धवट जळून बाहेर येतो. न जळलेल्या भागास हायड्रोकार्बन म्हणतात. अर्धवट जळालेल्या भागांत आल्डिहाइड जातीचीं द्रव्यें असतात. नाकाला झोंबतात व डोळ्यांतून पाणी काढतात तीं हींच. त्यांच्या जोडीला कार्बन मोनॉक्साइड हा प्राणघातक वायु असतो, आणि त्याला मुळींच वास नसतो. ही गोष्ट ध्यानांत ठेवावी. तिचें काम पुढें पडणार आहे.

आतां उतारा. कन्व्हर्टर ही गाळणी नव्हे. ती गाळणी असती तर चार दिवसांत तुंबली असती. धातूच्या डब्यांत चिनी मातीच्या जातीची, मधमाश्यांच्या पोळ्यासारखी एक वीट बसविलेली असते. चौरस इंचाला सुमारें चारशें याप्रमाणें तिच्यांत आरपार बारीक नळ्या असतात आणि त्यांच्या भिंतींवर प्लॅटिनम, पॅलॅडियम, ऱ्होडियम या मोलवान् धातूंचा अतिसूक्ष्म थर असतो. प्लॅटिनमचा हा गुण फार जुना ठाऊक आहे. सर हंफ्री डेव्ही यानें १८१७ सालीं दाखविलें कीं ज्वालाग्राही वायु व हवा यांच्या मिश्रणांत प्लॅटिनमची ऊन केलेली तार धरली तर ज्योत नसतांनाहि ती लाल होऊन राहते. म्हणजे तिच्या पृष्ठभागावर तो वायु ज्योतीवांचून जळत असतो. लग्न लावणारा भटजी दोन घराण्यांस जोडून देतो आणि आपण जसाचा तसा पुढच्या मांडवांत जातो. प्लॅटिनम तेंच करतें. हायड्रोकार्बन आणि प्राणवायु यांचा संयोग तें घडवून आणतें व स्वतः खर्ची पडत नाहीं. पण भटजी कितीहि विद्वान् असला तरी वर आणि वधू दोन्ही मांडवांत हजर असावीं लागतात, आणि आपल्या अडचणीचें मूळ येथेंच आहे.

मोटारीच्या धुरासाठीं या गुणाचा उपयोग करण्याची खटपट युजेन हूद्री या फ्रेंच यंत्रज्ञानें अमेरिकेंत केली. लॉस एंजल्स शहरावर १९४३ पासून डोळे झोंबविणारें धुकें उतरूं लागलें होतें. त्याचें मूळ मोटारींच्या धुरांत व उन्हांत आहे असें हागेन-स्मिट या रसायनशास्त्रज्ञानें पुढें सिद्ध केलें. हूद्रीस त्याच्या कन्व्हर्टरचें पेटंट १९५६ सालीं मिळालें. तरी रस्त्यावरच्या मोटारींत तो येण्यास जवळजवळ वीस वर्षें लागलीं. त्या काळच्या पेट्रोलमध्यें इंजिनाची ठोकठोक थांबविण्यासाठीं शिशाचें संयुग घालीत, आणि तें शिसें प्लॅटिनमवर बसून त्याला कायमचें निकामी करी. शिसें जाईपर्यंत प्लॅटिनमला आंत येतां येईना. अमेरिकेंत हें १९७५ च्या गाड्यांपासून जमलें. भारतांत १ एप्रिल १९९५ रोजीं मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींस कन्व्हर्टर सक्तीचा झाला व त्यासाठीं शिसेंविरहित पेट्रोलचे निराळे पंप आले. २००० च्या फेब्रुवारीपासून देशभर शिसेंविरहित पेट्रोलच मिळूं लागलें.

१९९५ च्या या घटनेंत जुन्या गाडीच्या मालकाला उपयोगी असा एक पुरावा दडलेला आहे. त्या वर्षीं मुंबईंत कन्व्हर्टर लावून विकल्या गेलेल्या मारुति ८०० गाड्यांत इंधन सोडण्याची विजेरी व्यवस्था नव्हती. साधा कार्ब्युरेटरच होता. तेव्हां कार्ब्युरेटर आणि कन्व्हर्टर यांचें मुळींच जमत नाहीं असें म्हणतां येत नाहीं. जमतें; पण तें अर्धेंमुर्धें जमतें. आजच्या गाडींत धुराच्या नळींत एक प्राणवायुमापक बसविलेला असतो. तो क्षणोक्षणीं मिश्रण तपासतो आणि त्याच्या सांगण्याप्रमाणें पेट्रोल कमीजास्त होतें. तसें झालें तरच कन्व्हर्टर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि नत्राचीं प्राणिदें या तिघांचाहि एकाच वेळीं समाचार घेऊं शकतो. आंधळ्या कार्ब्युरेटरच्या मागें बसविलेल्या कन्व्हर्टरकडून फार तर पहिल्या दोघांची अपेक्षा करावी. आणि तीहि धुरांत जाळण्यापुरता प्राणवायु शिल्लक असेल तर. पेट्रोल जास्त सोडणाऱ्या इंजिनाच्या धुरांत नेमका प्राणवायूचाच तुटवडा असतो. वर हजर आहे, वधूचा पत्ता नाहीं, अशी ती अवस्था होय. म्हणून अशा जोडणींत धुराच्या नळीवर, कन्व्हर्टरच्या अलीकडे, बाहेरची हवा आंत ओढून घेणारी एक लहान झडप बसवावी लागते. आपल्याकडील पुष्कळ मोटारसायकलींवर अशी झडप कारखान्यांतूनच येत असे. ती न बसवितां नुसता डबा जोडून देणारा कारागीर गिऱ्हाइकाला अर्धीच वस्तु विकतो.

परंतु हवा दिली म्हणजे काम संपलें असेंहि नाहीं. येथें थोडा हिशेब केला पाहिजे. धुरांतील कार्बन मोनॉक्साइडचा दर एक टक्का कन्व्हर्टरमध्यें जळला कीं धुराचें तापमान सुमारें ९० अंशांनीं वाढतें. ज्या इंजिनाच्या धुरांत हा वायु चार टक्के आहे तेथें वाढ साडेतीनशें अंशांच्या घरांत जाते. धूर मुळांत चारशें अंशांचा असला तर विटेचें तापमान साडेसातशें झालें. एवढें ती सोसते. पण त्यांतच एखादा स्पार्क प्लग दगा देऊं लागला आणि न जळलेलें पेट्रोल सरळ तिच्यावर येऊन पडलें, तर तापमान हजाराच्या वर चढतें, धातूचा सूक्ष्म थर गोळा होऊन निरुपयोगी होतो, आणि अखेरीस वीट वितळून नळी बुजते. असा तापलेला डबा स्कूटरच्या पायाजवळ अथवा मोटारीच्या तळाशीं, वाळलेल्या पाचोळ्यावर उभा राहिला तर काय होईल हें सांगावयास नको. म्हणजे ज्या गाडीला सर्वांत जास्त वास येतो तिलाच कन्व्हर्टर बसविणें सर्वांत धोक्याचें!

यावरून क्रम आपोआप ठरतो. आधीं इंजिन, मग कन्व्हर्टर. हवेची गाळणी बदलणें, कार्ब्युरेटर उघडून त्यांतील वाटींत पेट्रोलची पातळी योग्य आहे कीं नाहीं हें पाहणें, झिजलेलीं छिद्रें बदलणें, अर्धवट अडकून राहिलेला चोक मोकळा करणें, ठिणगीची वेळ जुळविणें, हीं कामें कोणताहि जुना मेकॅनिक करूं शकतो. प्लग काढून पाहिला कीं निम्मी हकीकत समजते. त्याचें टोक विटकरी असेल तर मिश्रण ठीक. काजळीनें काळें असेल तर पेट्रोल जास्त. आणि काळें व तेलकट असेल तर तेल वर चढत आहे. या शेवटच्या प्रकारांत सायलेन्सरमधून निळसर धूर येतो. तेलांतील स्फुरद व जस्त कन्व्हर्टरवर शिशासारखेंच बसतात, म्हणून अशा गाडीला इंजिन उघडून रिंगा बदलल्यावांचून कन्व्हर्टर बसविणें म्हणजे पैसे पाण्यांत टाकणें आहे. पुष्कळ गाड्यांच्या बाबतींत असें घडतें कीं एवढी डागडुजी झाल्यावर शेजाऱ्यांची तक्रारच उरत नाहीं, आणि कन्व्हर्टरचा विषय मागें पडतो.

डागडुजीचा परिणाम नाकापेक्षां पी. यू. सी. केंद्रावरील यंत्राला विचारावा. मात्र ‘पी. यू. सी. मिळाली, म्हणजे माझी गाडी स्वच्छ’ हा युक्तिवाद सभेंत चालूं देऊं नये. ३१ मार्च २००० पूर्वीं बनलेल्या दुचाकीस कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन दशलक्ष भागांत ९,००० भाग येथपर्यंत मोकळीक आहे. भारत स्टेज दोनच्या पूर्वींच्या मोटारीस हेच आंकडे ३ टक्के आणि १,५०० असे आहेत. भारत स्टेज चारच्या मोटारीस ते ०.३ टक्का आणि २०० आहेत. जुन्या गाडीची मर्यादा तिच्या वयाकडे पाहून घातलेली आहे, शेजाऱ्याच्या नाकाकडे पाहून नव्हे. चिठ्ठीवर ‘उत्तीर्ण’ असें छापलें आहे काय हें न पाहतां डागडुजीपूर्वींचा व नंतरचा आंकडा शेजारीं शेजारीं ठेवून पाहावा. मोटारीच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइड एक टक्क्याच्या आसपास स्थिर राहूं लागला, तर कन्व्हर्टरचा विचार करण्यास हरकत नाहीं.

येथें डोंबिवलीची म्हणून एक खास अडचण उभी राहते. प्लॅटिनमचें काम सुमारें अडीचशें ते तीनशें अंश तापमानाला सुरू होतें. त्याखालीं तें स्वस्थ बसून असतें. नव्या गाडींत कन्व्हर्टर इंजिनाला अगदीं लागून असतो आणि मिनिटाभरांत तापतो. जुन्या गाडीला तो मागाहून, बहुधा सायलेन्सरच्या अलीकडे, जागा सांपडेल तेथें बसवितात. तेथपर्यंत ऊब पोंचण्यास कित्येक मिनिटें जातात. आणि या गांवांतील खासगी वाहनाचा प्रवास केवढा? घरापासून स्टेशनपर्यंत, फार तर फडके रस्त्यावरून बाजार करून परत. माणसें कामाला लोकलनें जातात. गाडी दहा मिनिटें चालते आणि थांबते. कन्व्हर्टर तापतो न तापतो तोंच घर येतें. शिवाय ज्या वासाची तक्रार आहे तो सकाळीं चोक ओढून गाडी सुरू करतांना, इमारतीच्या पोटांत, सर्वांत जास्त असतो. नेमका त्याच वेळीं कन्व्हर्टर थंड असतो. रोज कल्याण-शीळ रस्त्यानें नवी मुंबई गांठणाऱ्या गाडीस जो लाभ होईल तो स्टेशनच्या फेऱ्या करणाऱ्या गाडीस होणार नाहीं. बसविणेंच असेल तर डबा इंजिनाच्या जितका जवळ नेतां येईल तितका न्यावा, त्यावर उष्णतारोधक पत्रा घालावा, आणि गाडी सुरू होतांच ती वाहनतळांतून बाहेर काढावी.

टू-स्ट्रोक स्कूटरची कथा आणखी निराळी आहे. तिच्यांत ताजें मिश्रण आंत येत असतांना धुराची वाट उघडीच असते. त्यामुळें आंत आलेल्या पेट्रोलचा मोठा हिस्सा, कधीं कधीं एक तृतीयांशापर्यंत, न जळतां तसाच निसटून जातो. त्यांत पेट्रोलमध्येंच मिसळलेलें तेल. हें दुखणें जुळणीनें बरें होणारें नाहीं, तो त्या इंजिनाचा जन्मस्वभाव आहे. अशा इंजिनांसाठीं खास कन्व्हर्टर कारखान्यांनीं बसविले होते. पण कोणत्याहि गाडीला चालेल म्हणून बाजारांत मिळणारा डबा टू-स्ट्रोकच्या तेलानें लवकरच माखून जातो. तेथें कमी धूर करणारें टू-टी तेल वापरणें आणि तें मापानें, पेट्रोलच्या शेंकडा दोन इतकेंच घालणें, याचा गुण अधिक येतो. ‘थोडें जास्त घातलें तर इंजिनाला बरें’ ही समजूत शेजाऱ्यांना महाग पडते.

पेट्रोलच्या बाबतींत मात्र आजचा मालक भाग्यवान् आहे. २००० सालच्या मानकांत पेट्रोलमध्यें गंधक दशलक्ष भागांस १,००० भाग येथपर्यंत चालत असे. तें कन्व्हर्टरवर सांचे, आणि मिश्रणांत पेट्रोल जास्त झालें कीं सडक्या अंड्यासारखा वास देऊन बाहेर पडे. एका वासाच्या जागीं दुसरा येई. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणाऱ्या पेट्रोलमध्यें गंधकाची मर्यादा १० भाग इतकी खालीं आली आहे. दुसरा बदल इथेनॉलचा. आतां पेट्रोलमध्यें तें शेंकडा वीसपर्यंत असतें आणि स्वतःबरोबर प्राणवायु घेऊन येतें. त्यामुळें पेट्रोल जास्त सोडणाऱ्या जुन्या कार्ब्युरेटरचें मिश्रण आपोआप थोडें सुधारतें. पण त्याच इथेनॉलनें जुन्या रबरी नळ्या व वायसर फुगतात, चिरतात व गळूं लागतात, आणि त्याच्या अर्धवट ज्वलनानें आल्डिहाइड वाढतात. नळ्या इथेनॉल सोसणाऱ्या जातीच्या घालून घेणें हें सर्वांत आधीं करावयाचें काम होय.

कायद्याची बाजूहि पाहिली पाहिजे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ याच्या कलम ५२ प्रमाणें कारखान्यानें ठरविलेल्या व नोंदणींत दाखल असलेल्या तपशिलाशीं विसंगत बदल मालकाला आपल्या मर्जीनें करतां येत नाहीं. सी. एन. जी. चा संच बसविण्यास मान्यताप्राप्त संच आणि नोंद लागते ती याचसाठीं. तेव्हां एम. एच. ०५ क्रमांकाच्या गाडीच्या मालकानें नळी कापण्यापूर्वीं कल्याणच्या परिवहन कार्यालयांत चौकशी करणें शहाणपणाचें. मुंबईनें आपल्या टॅक्सींच्या बाबतींत तर वाटच निराळी धरली. १९९९ सालीं धुरानें त्रासलेल्या रहिवाशांनीं उच्च न्यायालयांत दाद मागितली, लाल समिति नेमली गेली, आणि पुढें जुन्या टॅक्सींना डबे जोडण्याऐवजीं त्यांचें इंधनच बदलून सी. एन. जी. करण्यांत आलें. डोंबिवलीच्या बहुतेक रिक्षाहि आज त्याच इंधनावर चालतात. चारचाकी गाडी ज्यांना ठेवावयाचीच आहे त्यांनीं या पर्यायाचा भाव कन्व्हर्टरच्या भावाशेजारीं ठेवून पाहावा. कित्येकदां तोच सरस ठरेल.

कन्व्हर्टर बसवून वास गेला, तरी वास नसलेल्या त्या वायूचें काय? नाक ज्यांची वर्दी देतें तीं द्रव्यें आणि कार्बन मोनॉक्साइड हीं एकाच प्रमाणांत कमी होतात असें नाहीं. कन्व्हर्टर जुना झाला किंवा हवेची झडप बंद पडली, तर दर्प कमी भासूनहि हा वायु पुष्कळ राहूं शकतो. आजवर वास हीच राखण होती. ती उठली कीं माणूस निर्धास्त होतो, शटर अर्धें ओढून गॅरेजमध्यें इंजिन चालू ठेवतो. बंदिस्त जागेंत कोणत्याहि पेट्रोल गाडीचें इंजिन, कन्व्हर्टर असो वा नसो, चालू ठेवूं नये. वाहनतळावरच्या खोलींत रोज सकाळीं कोणाचें डोकें दुखत असेल तर त्याचें कारण नाकाला न विचारतां वाहनतळांत शोधावें.

आणि उभ्या गाडीच्या वासाचें काय? इंजिन बंद करून अर्धा तास झाला तरी पुष्कळ जुन्या गाड्यांभोंवतीं पेट्रोलचा वास दरवळत असतो. तो धुराचा नव्हेच. तापलेल्या इंजिनाच्या उबेनें कार्ब्युरेटरच्या वाटींतील पेट्रोल उडून जात असतें, आणि सायलेन्सरला लावलेला कोणताहि डबा त्याला रोखूं शकत नाहीं. नव्या गाडींत ही वाफ धरून ठेवण्यास कोळशाची डबी असते. जुनींत ती नसते. आधीं नळ्यांचे सांधे व पेट्रोल टाकीच्या झांकणाचा वायसर तपासावा. स्कूटरवाल्यांना त्याहून सोपा उपाय उपलब्ध आहे, आणि तो फुकट आहे: सीटखालचा पेट्रोलचा कॉक रात्रीं बंद करावा. जुने चेतकवाले तर घरचें वळण येण्याच्या थोडें आधींच तो बंद करीत, म्हणजे दारापर्यंत पोंचेतों वाटींतील पेट्रोल संपत येई.